टायराचा रकाना

अकरावीच्या अर्थशास्त्रात अगदी सुरुवातीला एक छोटं प्रकरण येतं. काय आहे ते सांगणारं शास्त्र वास्तववादी, काय असावं ते सांगणारं आदर्शवादी. दोन व्याख्या, चार फरक, एखाददुसरं उदाहरण, आणि परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. बहुतेक ठिकाणी हे प्रकरण एका तासात उरकतं. मी गोव्याच्या लोहखनिजाच्या खाणपट्ट्यात, डिचोली तालुक्यात शिकवते आणि यावर बरेच तास घालवते, कारण माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी कधीकाळी टिप्पर (खनिज वाहणारा ट्रक) होता, कोणाचे वडील बार्जवर (खनिज वाहणाऱ्या नदीतल्या बोटीवर) होते, तर कोणाचं शेत खाणीच्या उताराखाली होतं.

‘महागाई वाढली’ आणि ‘महागाई कमी व्हायला हवी’ ही दोन वाक्यं मुलं चुटकीसरशी वेगळी करतात. मग मी फळ्यावर लिहिते, ‘खाण बंद झाल्यामुळे गोव्याचं उत्पन्न घटलं.’ पुढच्या बाकांवरून उत्तर येतं, वास्तववादी. सरकारी आकडेवारीत आहे, कोणीही पडताळून पाहावं. आणि एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ‘टीचर, पण ते उत्पन्न होतं हे कोणी ठरवलं?’

त्या प्रश्नासाठीच हा लेख लिहिते आहे. वास्तववादी अर्थशास्त्रावर गेल्या दोन शतकांत जे वाद झाले, त्यांतले सगळ्यांत खोल वाद याच प्रश्नाभोवती फिरतात. तरीही मला हे शास्त्र मोलाचं वाटतं. ‘आहे’ आणि ‘असावं’ यांच्यातली रेघ निसर्गाने आखून दिलेली नाही, ती आपण आखतो आणि रोज राखतो. आणि ती सगळ्यांत जास्त राखावी लागते व्याख्यांच्या जागी, जिथे आपलं लक्षच नसतं.

या भेदाचं मूळ तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमपर्यंत जातं. १७३९-४० मध्ये आलेल्या ग्रंथात त्याने दाखवलं, की नीतीवर लिहिणारे लोक ‘आहे’, ‘नाही’ म्हणत चालतात आणि कोणाच्या लक्षात न येता एकदम ‘असायला हवं’वर पोचतात, मधली पायरी कोणी दाखवत नाही. १८३६ मध्ये नासाऊ सीनियर यांनी अर्थशास्त्रज्ञाला बजावलं, की तुझे निष्कर्ष कितीही खरे असले तरी त्यांच्या जोरावर सल्ल्याचा एक शब्दही काढायचा अधिकार तुला मिळत नाही. १८९१ मध्ये जॉन नेव्हिल केन्स यांनी (सुप्रसिद्ध केन्स यांचे वडील) तीन खाने पाडले: आहे ते सांगणारं शास्त्र, असावं ते सांगणारं शास्त्र, आणि ठरलेलं उद्दिष्ट गाठायची कला. आपल्या पाठ्यपुस्तकांत पहिले दोनच राहिले. तिसरा गळाला याचं मला वाईट वाटतं, कारण सरकार चालवणाऱ्यांचं बहुतेक काम त्या तिसऱ्यातच बसतं.

पण मुलांना या इतिहासापेक्षा मासळीबाजार लवकर कळतो.

म्हापशाच्या बाजारात सकाळी बांगड्यांचे वाटे लागतात. सकाळी शंभराला पाच देणारी मासळीवाली दुपार कलली की त्याच शंभराला आठ द्यायला तयार असते. बर्फ विरघळत आलेला असतो, शेजारणीची पाटी अजून अर्धी भरलेली असते, आणि घरी जायची बस चुकवायची नसते. ती सीमांत खर्च काढत नाही, मागणीची लवचीकता मोजत नाही. आलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा बघते आणि म्हणते, ‘घे गो बाय, दोन वर घालते.’ पुस्तकातला विक्रेता मात्र सगळं गणित मांडून नफा कमाल करतो. मुलं दरवर्षी विचारतात, की असं कोणी करतं का? आणि करत नसेल, तर आम्ही हे शिकायचं कशाला?

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५३ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात याच शंकेला उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं, गृहीतकं खरी वाटतात का हे विचारूच नका; त्यांच्यावरून केलेलं भाकीत खरं ठरतं का, ते पाहा. निष्णात बिलियर्ड खेळाडू भूमितीची समीकरणं सोडवत नाही, पण सोडवत असल्यासारखा खेळतो. झाडाची पानं सूर्यप्रकाशाचा हिशेब करत नाहीत, पण केल्यासारखी पसरतात. मासळीवालीही नफ्याचं गणित मांडल्यासारखी वागत असेल, तर तेवढं शास्त्राला पुरे. दुपारी भाव उतरणार हे सिद्धान्ताने आधी सांगितलं आणि तो उतरला. तिच्या मनात काय चाललं होतं, हे निराळं कुतूहल.

या उत्तरात मोठी ताकद आहे. ते सिद्धान्ताला कामाला जुंपतं आणि बोलणाऱ्याला बांधून घालतं. असं असं होईल म्हणून आधी सांग, मग आपण बघू. खाणीच्या, विमानतळाच्या, कॅसिनोच्या वादात सगळे लोक घटना घडून गेल्यावर कारणं सांगतात, आणि सगळ्यांची कारणं तितकीच पटतात. आधी बोलायचं बंधन घातलं तर अर्धा गोंगाट आपोआप थांबेल.

पण फ्रीडमन यांच्या या निबंधाच्या एकसष्ट वर्षं आधी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एका मराठी माणसाने नेमकी उलटी गोष्ट मांडली होती. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लंडहून आलेल्या अर्थशास्त्राची गृहीतकं त्यांनी एकेक करून पुढ्यात मांडली. माणूस फक्त स्वार्थ पाहतो, मजूर आणि भांडवल हवं तिथे सहज जातात, व्यवहार करारावर चालतो, भाव स्पर्धेतून ठरतो. मग त्यांनी सांगितलं, की इथे कुटुंब आणि जात व्यक्तीपेक्षा बलवान आहेत, कराराच्या जागी जन्माने मिळालेलं स्थान आहे आणि स्पर्धेच्या जागी रूढी आहे. तेव्हा या गृहीतकांवर उभे केलेले निष्कर्ष जसेच्या तसे हिंदुस्थानाला लावता येणार नाहीत.

मग कोण बरोबर? मला वाटतं रानडे यांनी दाखवलेली जागा फ्रीडमन यांनी फार घाईने ओलांडली. निर्वात पोकळीतल्या पतनाचा नियम लोखंडी गोळ्याला लागू पडतो, पिसाला पडत नाही. हा दाखला खुद्द फ्रीडमन यांच्याच निबंधात आहे. पण गोळा कोणता आणि पीस कोणतं, हे आधी ओळखायचं कसं? तिथे गृहीतकांकडेच वळून बघावं लागतं. ॲलन मस्ग्रेव्ह या तत्त्वज्ञाने १९८१ मध्ये हा गुंता छान सोडवला. काही गृहीतकं म्हणतात, की हा घटक आहे, पण त्याचा परिणाम नगण्य आहे. काही म्हणतात, की हा घटक नसेल तिथेच माझा सिद्धान्त चालेल. आणि काही फक्त हिशेबाला सुरुवात करता यावी म्हणून केलेली असतात, पुढे सोडून द्यायची. वरवर तिघांचं वाक्य एकच दिसतं, पण दुसऱ्या प्रकारचं गृहीतक खोटं निघालं तर सिद्धान्त चुकीच्या गावात आलेला असतो. रानडे हेच सांगत होते.

केरळच्या किनाऱ्यावर याचा सुंदर पुरावा मिळाला. पुस्तक सांगतं, की शेजारशेजारच्या बाजारांत एकाच मालाचा भाव फार वेगळा राहू शकत नाही. त्यात एक गृहीतक दडलेलं असतं, की कुठे काय भाव आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर केरळच्या तारलीच्या बाजारांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. मोबाइल यायच्या आधी एका किनाऱ्यावर गिऱ्हाईक नाही म्हणून तारल्या फेकून दिल्या जात, आणि काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक रिकाम्या हातांनी परतत असे. पकडलेल्या मासळीतली साधारण ५ ते ८ टक्के वाया जायची. १९९७ ते २००१ या काळात एकेका जिल्ह्यात मोबाइल पोचला आणि जिथे पोचला तिथे भावांतली तफावत झपाट्याने आटली, फेकाफेक जवळजवळ थांबली, मच्छीमाराचा नफा वाढला, खाणाऱ्यालाही मासळी थोडी स्वस्त पडली. म्हणजे मोबाइलच्या आधी सिद्धान्त त्या गावचा नव्हता, नंतर झाला. भाकीत कुठे चालेल आणि कुठे फसेल, हे गृहीतकानेच सांगितलं असतं; कोणी विचारायला हवं होतं.

आता मला या विषयातली सर्वांत आवडती गोष्ट सांगायची आहे, आणि तीही मासळीचीच.

गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मासळी महागते, आणि ताजी मिळाली तर नशीब. ऑगस्टमध्ये ट्रॉलर समुद्रात जातात, भाव उतरू लागतो. सोपी गोष्ट वाटते, की पुरवठा वाढला म्हणून भाव उतरला. पण त्याच दिवसांत श्रावण असतो. हिंदू घरांतून नुस्त्याचा (मासळीचा) वास नाहीसा होतो, आणि बरीच घरं चतुर्थी होईपर्यंत मासळीला हात लावत नाहीत. तेव्हा भाव उतरला तो ट्रॉलर सुटले म्हणून, की श्रावण लागला म्हणून? वर्षभराचे भाव आणि वजनं मांडून आलेख काढला, तर त्यात मागणी आणि पुरवठा दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. जी रेघ दिसेल ती मागणीचीही नसेल आणि पुरवठ्याचीही नसेल. एल्मर वर्किंग यांनी १९२७ मध्ये ही अडचण नेमकी दाखवून दिली. लगेच पुढच्या वर्षी फिलिप राइट यांनी तेलांवरच्या आयातकरावरच्या पुस्तकाला जोडलेल्या परिशिष्टात वाट दाखवली: पुरवठा हलवणारी पण मागणीला न शिवणारी एखादी गोष्ट शोधा.

मासळीच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे दर्या. कॅथरिन ग्रॅडी यांनी न्यू यॉर्कच्या फुल्टन मासळीबाजारात व्यवहार टिपले आणि समुद्रातला वारा आणि लाटांची उंची यांचा उपयोग करून घेतला. वादळाच्या दिवशी होड्या कमी मासळी आणतात, पण शहरातल्या लोकांची भूक वादळाने कमी होत नाही. त्या दिवशी भाव आणि विक्री जशी हलते, तीच मागणीची खरी रेघ. पुढे अँग्रिस्ट, ग्रॅडी आणि इम्बेन्स यांनी २००० साली या आकड्यांवर आणखी खोल काम केलं. अँग्रिस्ट आणि इम्बेन्स यांना २०२१ मध्ये अशाच पद्धतींसाठी नोबेल मिळालं. मला हे वाचताना दर वेळी हरखून जायला होतं. प्रयोगशाळा नाही, कोणाला काही करायला सांगितलेलं नाही, आणि तरी गुंतलेल्या दोन धाग्यांतला एक हलकेच सोडवून हातात येतो.

तरी हा पुरावाही निव्वळ आकड्यांतून येत नाही. ‘वादळाने भूक बदलत नाही’ हे वाक्य कोणीतरी विचार करून स्वीकारलेलं असतं. न्यू यॉर्कला ते चालेल. कळंगुटला चालेल का? तिथे मासळीची मोठी गिऱ्हाइकं म्हणजे शॅक (किनाऱ्यावरच्या खानावळी) आणि हॉटेलं, आणि पाऊस कोसळतो त्या दिवशी पर्यटक खोलीबाहेर पडत नाहीत. म्हणजे आमच्याकडे दर्या खवळला तर पुरवठाही हलेल आणि मागणीही. फ्रान्सचे पिएर द्युएम यांनी भौतिकशास्त्राबद्दल सांगून ठेवलं होतं, की कोणतंही गृहीतक एकटं कसोटीला उभं राहत नाही. त्याच्याबरोबर आणखी दहा गृहीतकं रांगेत असतात, आणि निकाल विरुद्ध गेला तर नेमकं कोण नापास झालं हे निकाल सांगत नाही. ते माणसाला ठरवावं लागतं, आणि त्यासाठी ती जागा माहीत असावी लागते. गोव्याची मासळी अभ्यासायची तर श्रावण ठाऊक हवा.

एवढं झालं की मी मुलांना त्या मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे परत आणते, आणि माझ्या मामाच्या वहीबद्दल सांगते.

चीनला आमच्याकडचं कमी प्रतीचं खनिज हवं झालं आणि खाणपट्ट्यात पैसा वाहू लागला, तेव्हा मामाने कर्ज काढून टिप्पर घेतला. खाणीवरून मांडवीच्या काठावरच्या जेटीपर्यंत खेपा मारायच्या, तिथून बार्ज माल मुरगाव बंदरात नेणार. टनावर पैसे. मामा सातवीपर्यंत शिकलेला, पण रोज रात्री जेवण झालं की वही उघडायचा. आडव्या पानावर हाताने आखलेले रकाने: खेपा, टन, डिझेल, ड्रायव्हर, हप्ता, टायर, आणि सगळ्यात शेवटी ‘घर’. टायराच्या रकान्यात तो रोज काहीतरी लिहायचा, टायर त्या महिन्यात बदललेला असो वा नसो. खेपांच्या हिशेबाने ठरावीक रक्कम. ते पैसे वेगळ्या डब्यात जायचे. मी कॉलेजात होते. विचारलं, की टायर तर अजून चांगले आहेत, मग आत्ताच का? तो म्हणाला, ‘बाय, आज जेवढा टायर झिजला तेवढे पैसे माझे न्हय. ते टायराचेच.’

जॉन हिक्स यांनी १९३९ मध्ये उत्पन्नाची जी व्याख्या दिली ती जवळपास हीच. आठवड्याच्या सुरुवातीला माणूस जितका सुस्थितीत होता तितकाच शेवटीही राहील, अशा बेताने तो जास्तीत जास्त जेवढं खर्च करू शकतो, तेवढंच त्याचं उत्पन्न. बाकीचं भांडवल मोडून खाल्लेलं. मामाने हिक्स यांचं नाव ऐकलेलं नव्हतं. टायर पाहिले होते.

राज्याच्या हिशेबात खाणीचा पैसा कसा धरला जातो? सकल उत्पादनात झीज मुळीच वजा होत नाही, ‘सकल’चा अर्थच तो. निव्वळ उत्पादन काढताना यंत्रांची, इमारतींची झीज वजा करतात. पण जमिनीतून काढलेलं खनिज २००८ च्या आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीनुसार तिथेही वजा होत नाही. मालमत्तेत झालेला एक बदल म्हणून ते निराळ्या खात्यात जातं. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला ५ कोटी टनांहून जास्त खनिज निर्यात होत होतं. त्याच्या किमतीतून डिझेलसारखे चालू खर्च वजा जाता उरलेलं सगळं मूल्यवर्धन, म्हणजे नव्याने झालेली कमाई, म्हणून धरलं गेलं, आणि आम्ही देशातल्या श्रीमंत राज्यांत वरच्या रांगेत बसलो. टिप्परचा टायर झिजला तर त्याला रकाना होता, डोंगर झिजला त्याला नव्हता.

आता बघा, ‘खाण बंद झाल्यामुळे गोव्याचं उत्पन्न घटलं’ हे वाक्य आकड्यांनी सिद्ध होतं. कोणी आकडे खोटे लिहिलेले नाहीत. तरी त्यात एक ‘असावं’ आधीच बसलेलं आहे: पुढच्या पिढीच्या वाट्याचं खनिज आज विकलं तर ती कमाई मानावी. उलट व्याख्या घेतली, डोंगर वजा केला, तर त्यातही एक ‘असावं’ आहे: पुढच्या पिढीचा वाटा आज मोजावा. दोन्हीही वास्तववादी अर्थशास्त्रच, फक्त दोन वेगळ्या वह्या. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि खनिजाच्या विक्रीच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितली, तेव्हा राज्याच्या वहीत टायरासारखा एक रकाना पहिल्यांदा आखला गेला असं मी समजते. तो पुरेसा होता का, हा वाद वेगळा, आणि तो व्हायला हवा.

गुन्नार मिर्डाल यांनी १९३० मध्येच दाखवलं होतं, की अर्थशास्त्राच्या निर्मळ दिसणाऱ्या संकल्पनांत राजकीय कल मुरलेला असतो. तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी २००२ मध्ये सांगितलं, की ‘क्रूर’ यासारख्या शब्दांतून वर्णन आणि मूल्य वेगळं काढताच येत नाही. अनेकांनी यावरून निष्कर्ष काढला, की मग वास्तववादी अर्थशास्त्र हे थोतांड. तो निष्कर्ष मला मान्य नाही, आणि याचं कारण मला पुण्याच्याच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दिलं.

१९७१ मध्ये त्यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘गरीब’ या शब्दात मूल्य आहेच; गरीब म्हणजे ज्याचं असं राहणं आपल्याला चालता कामा नये असा माणूस. त्यांनी ते लपवलं नाही. रोज माणशी २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही रेषा धरली, आणि १९६०-६१ च्या भावांनी ती खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये येते, हे मांडून ठेवलं. रेषा कुठे हा निर्णय झाला. तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झाला. त्यानंतर रेषेखाली किती माणसं, हे मोजणं. ज्याला रेषा पटत नाही त्याने आपली आखावी आणि पुन्हा मोजावं. ज्याला मोजणी पटत नाही त्याने नमुने तपासावेत. वाद झाले, अनेक वर्षं झाले, पण प्रत्येकाला नेमकं कुठे बोट ठेवायचं ते ठाऊक होतं. मूल्य आहे म्हणून शास्त्र मोडत नाही. मूल्य कुठे बसलंय ते दाखवलं नाही तर मोडतं.

सत्तरी तालुक्यात मे महिन्यात एखादी बाई भिंडां (कोकमाची फळं) वेचून आणते, फोडते, सालं उन्हात घालते, वर्षभराची सोलां (आमसुलं) करून ठेवते. घरच्यापुरती. राष्ट्रीय नमुना पाहणीचा माणूस आला तर तिच्या नावासमोर ९३ हा आकडा लिहील: घरकाम करते आणि शिवाय घरच्या वापरासाठी वस्तू गोळा करते वगैरे. म्हणजे ती श्रमशक्तीत नाही. बेकारही नाही, कामकरीही नाही. आकडा बिनचूक आहे. पण तीच बाई सोलां घेऊन बाजारात बसली तर ती कामकरी ठरेल, हात तेच, ऊन तेच. म्हणून बायकांच्या कामाचा टक्का घसरला अशी बातमी आली की मी मुलांना सांगते, आधी ९२ (फक्त घरकाम) आणि ९३ चं काय झालं ते विचारा.

अजून एक गोष्ट, जिच्याबद्दल माझं फ्रीडमन यांच्याशी अर्धंच जमतं. त्यांना वाटायचं, की धोरणांवरचे बहुतेक मतभेद मूल्यांचे नसतात, परिणामांच्या वेगवेगळ्या अंदाजांचे असतात. म्हणून शास्त्र पुढे गेलं तर भांडणं कमी होतील. त्यांनी किमान वेतनाचाच दाखला दिला होता. त्या प्रश्नावर डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी १९९४ मध्ये जे काम प्रसिद्ध केलं, ते या शास्त्राचं उत्तम रूप आहे. न्यू जर्सीत १ एप्रिल १९९२ रोजी तासाचं किमान वेतन ४.२५ वरून ५.०५ डॉलर झालं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात झालं नाही. दोन्हीकडच्या ४१० फास्टफूड हॉटेलांत त्यांनी वाढीच्या आधी आणि नंतर विचारपूस केली. नोकऱ्या घटल्या नाहीत असं निघालं. न्यूमार्क आणि वॉशर यांनी २००० मध्ये पगारपत्रकांचे आकडे घेऊन वेगळं सांगितलं. भांडण संपलं नाही, पण त्याची जागा बदलली. आता ते फोनवरची मुलाखत आणि पगारपत्रक यांत जास्त भरवशाचं कोण, याचं भांडण आहे. हा फार मोठा लाभ आहे.

पण लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्येच बजावलं होतं, की उद्दिष्टांवरच दुमत असेल तर शास्त्र हात टेकतं. खाणीच्या वादात दोन्ही जिन्नस आहेत. टिप्पर चालवणारे पोरगे पर्यटनात सामावले जातात का? खाणीच्या खड्ड्यातून पाणी उपसणं थांबलं की गावच्या विहिरी किती वर्षांत भरतात? ही ‘आहे’ची भांडणं, त्यांना उत्तर आहे आणि ते शोधता येतं. डोंगर कोणाचा, आजच्या लोकांचा की अजून न जन्मलेल्यांचाही, हे भांडण निराळं. ते ग्रामसभेत आणि मतपेटीत व्हायचं. २०१२ ते २०१८ या खाणबंदीच्या वादाच्या काळात आमच्याकडे पहिल्या प्रकारचे प्रश्न दुसऱ्या प्रकारच्या आवेशाने भांडले गेले. मोर्चे दोन्ही बाजूंनी निघाले. विहिरीत किती हात पाणी आहे, हे मोजून ठेवलेली वही मात्र कोणत्याच मोर्च्यात माझ्या पाहण्यात आली नाही.

२०२२ च्या डिसेंबरात खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि आता काही ठिकाणी कामालाही सुरुवात झाली आहे. कार्ड आणि क्रूगर यांना बोलता आलं ते त्यांनी वाढीच्या ‘आधी’ विचारून ठेवलं होतं म्हणून. यंदा मी मुलांना प्रकल्प दिला आहे. प्रत्येकाने आपल्या गावातल्या एका विहिरीचं पाणी कठड्यापासून किती खाली आहे ते महिन्यातून एकदा दोरी सोडून मोजायचं, तारखेसह लिहायचं. सुरुवातीच्याच पानावर, मोजायच्या आधी, दोन वाक्यं लिहायची: खाणीमुळे पाणी किती उतरेल असं मला वाटतं, आणि काय दिसलं तर मी माझं म्हणणं बदलेन. खाणीच्या बाजूची मुलं आणि विरोधातली मुलं, दोघांनीही. खाणीपासून दूरच्या गावांतली मुलंही हवीत, नाहीतर कमी पावसाचं वर्ष खाणीच्या माथी बसेल. पण शाळेच्या दोरीने एवढंच होईल. ज्या पट्ट्यांत अजून मशीन लागलेलं नाही तिथल्या, आणि त्यांच्यापासून दूरच्या गावांतल्या, विहिरींची मे महिन्याची पातळी पंचायतींनी आत्ताच मोजून घ्यावी; पंप एकदा सुरू झाला की ‘आधी’चा आकडा कोणालाच मोजता येणार नाही.